मेहुण्याचा आजार

ही हकिगत कुणाला खरी वाटणार नाही, आणि वाटलीच तर ऐकणाऱ्यानं आधी स्वतःची नाडी तपासून घ्यावी. ज्या शिंप्याची ही गोष्ट, त्याची कात्री अशी चालायची की गिऱ्हाईक माप देऊन रस्ता ओलांडेपर्यंत शर्टाच्या बाह्या मागून त्याला हाका मारत यायच्या. असा हा माणूस एका सकाळी टेबलावर रेशीम पसरून उभा राहिला, कात्री उचलली, आणि त्याचा हात मशीनच्या सुईसारखा वरखाली व्हायला लागला.

रेशीम साधंसुधं नव्हतं. एकुलत्या एका लेकीच्या लग्नातल्या पोशाखाचं होतं. "बाबा, घालीन तर तुमच्या हातचंच. नाहीतर तयार आणायचं का, ते आत्ताच सांगा," असं बजावून ती गेली होती. तयार! शिंप्याच्या पोरीनं! इतर कापडावर कात्री सरसर धावायची. रेशमाजवळ नेली की छातीत धडधड आणि कपाळाला घाम.

"डॉक्टरांना दाखवा," बायको म्हणाली.

"डॉक्टर कशाला? फोन आहे ना!"

फोनमध्ये मनाची चाचणी होती. ‘तुम्हाला उगाच भीती वाटते का?’ खाली उत्तरं: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, सतत. शिंप्याचं खरं उत्तर होतं ‘कधीकधी’. पण जन्मभर कापड बेतलेला माणूस तो. नेमक्या मापाला कापील तर शिंपी कसला! शिवणीसाठी दोन बोटं माया सोडायचीच, उद्या गिऱ्हाईक सुटलं तर? त्यानं प्रत्येक उत्तराला माया सोडली. ‘कधीकधी’चं ‘बऱ्याचदा’ केलं आणि ‘बऱ्याचदा’चं ‘सतत’. निकाल आला तो असा ढगळ, की त्यात अख्खी गल्ली मावली असती.

"अगं, मला पाच आजार आहेत," तो म्हणाला. आवाजात किंचित अभिमान होता. "शेजारच्या इस्त्रीवाल्यानं हीच चाचणी दिली. त्याला एकच निघाला."

"त्यांना कामं असतील."

उपायही फोननंच सांगितला: डोळे मिटा आणि पोटापर्यंत खोल श्वास घ्या. उपाय उत्तम होता. फक्त तो करताना शिंप्याच्या ओठांत टाचण्या होत्या.

"अहो, टाचण्या!" बायको किंचाळली. त्यानं दचकून सगळ्या हातावर थुंकल्या. बायकोनं मोजल्या. एक कमी.

"गिळली," शिंपी खाली बसत म्हणाला. "गेली आत. ही बघ, इथं टोचतेय. आता इथं. फिरतेय ती! मशीन तुला ठेव. कात्री पोरीला दे. तुझ्या भावाला काही देऊ नकोस."

बायकोनं शांतपणे त्याच्या कॉलरमध्ये अडकलेली टाचणी उपसली आणि त्याच्या नाकासमोर धरली.

"मग आत टोचतंय काय?" शिंप्यानं विचारलं.

"तेच विचारायला डॉक्टर लागतो. स्वतःच्या शर्टाचं माप कधी स्वतः घेतलंत का? टेप बघायला वाकलं की छातीच बदलते, असं तुम्हीच सांगत सुटता ना? मग चला."

मनाच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि एक झाड होतं. बायको बाहेर बसली. बाईंनी विचारलं, "काय होतंय?"

आता इतकं सोपं विचारल्यावर कुठला गप्पिष्ट सरळ उत्तर देईल?

"मला कुठं काय? मी ठणठणीत आहे. त्रास माझ्या मेहुण्याला होतो."

"बरं. मग मेहुण्यांना घेऊन या."

झाली का पंचाईत! मेहुणा गाडी शिकवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचा. शिंप्यानं त्याला नव्या पँटचं आमिष दाखवलं.

"भावोजी, मी सांगायचं तरी काय?"

"कात्री धरली की हात थरथरतो म्हण. कारण विचारून ये, औषध विचारून ये. बाकी तोंड उघडू नकोस."

मेहुणा आत गेला. बाहेर शिंप्यानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग पडद्याची शिवण पाहिली, मग पडदा ज्यानं शिवला त्याला मनातल्या मनात नावं ठेवून झाली. मेहुणा काही येईना. तासाभरानं आला तो डोळे पुसत, पण चेहरा असा, जणू कुणी त्याच्या छातीवरून ट्रक काढून घेतलाय.

"भावोजी, काय बाई आहेत हो! मी झोपेतसुद्धा ब्रेक दाबतो. बायको पलंगावरून दोनदा खाली पडली. हे मी कुणाला बोललोच नव्हतो. उपाय आहे म्हणाल्या! पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय."

"आणि माझा हात?"

"हात?" मेहुण्यानं जीभ चावली. "तो राहिलाच बघा."

तिकडं घरी रेशीम अजून टेबलावर तसंच पसरलेलं होतं. शिंप्यानं एकदा मेहुण्याकडे पाहिलं, एकदा बाईंच्या दाराकडे, आणि स्वतःच आत शिरला.

"बाई, मघाचा मेहुणा वेगळा. खरा त्रास धाकट्या मेहुण्याला आहे. तोही शिंपीच. कात्री काय चालते त्याची! बाह्या गिऱ्हाइकाच्या मागून पळत जातात. पण पोरीचं लग्न ठरलंय, आणि तिच्या रेशमाला कात्री लावता येईना त्याला. कापड अख्खं आहे तोवर पोरगी घरात आहे, असं काहीतरी वाटतं वेड्याला. कापलं की शिवावं लागणार, शिवलं की ती घालणार, आणि घातलं की..."

टेप गळ्यातच राहिली होती. तिचं टोक तो बोटाला गुंडाळत बसला.

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"आत्ता जे गेले ना," त्या म्हणाल्या, "ते सांगत होते की तुमच्या बायकोला भाऊ एकच."