व्याह्यांची पाठ

शहादेवच्या थोरल्या लेकीला, राजनंदिनीला, बघायला पाहुणे आले, ते साल दोन हजार सोळा. शहादेव गावभर सांगत सुटला, "सोयरीक आज पक्की! माझ्यावर सोडा!"

मुलाचे वडील भागवतराव म्हणजे माजलगावचे रिटायर गुरुजी. जुन्या दगडी देवळांचं त्यांना भलतं वेड! फोनवरच म्हणाले होते, "चहा-पोहे मागून. आधी तुमच्या गावचं यादवकाळचं देऊळ बघतो."

शहादेव तडक देवळात धावला. आठशे वर्षांचं तेल पिऊन देवळाचे खांब तव्यासारखे काळे झालेले! पाहुणे यायच्या आदल्या सकाळी त्याने बीडहून गुलाबी ऑइलपेंट आणला आणि गडी लावले.

"अवो, कावून रंगवताव?" बायको मंजुळाबाई म्हणाली. "त्यांना दगडच बघायचाय!"

"पाव्हणं येताना तू घर सारवतीस का न्हाई? मग देवाचंच घर कावून तसं ठेवायचं?"

मंजुळाबाईने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मुलाला घेऊन आले. अंगात परीटघडीचा पांढरा सदरा. देवळात पाऊल टाकलं आणि डोळेच फिरले. आत सगळं हलवायाच्या बर्फीसारखं गुलाबी!

"अरे देवा! हे काय केलंत?" म्हणत ते मागे सरले. त्यांनी मागच्या खांबाला पाठ टेकली.

"टेकू नका, पाव्हणं! ओला हाय!"

झालं! गुळाच्या ढेपेला माशी चिकटावी तसे गुरुजी चिकटले. एका हाताला शहादेव, दुसऱ्याला मुलगा. ओढ म्हणता ओढ! शेवटी गुरुजी सुटले, पण तेलकट दगडावरचा रंग सालीसारखा सदऱ्याबरोबर आला. खांबावर उरली पाठीच्या मापाची काळी जागा.

"चल रे!" गुरुजी मुलावर गरजले. "इथं सोयरीक न्हाई करायची!"

शहादेव हात जोडून आडवा आला. इतक्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असलेली राजनंदिनी म्हणाली, "गुरुजी, तुमच्याकडं सदरे किती हायेत? रोज एक घालून या. दिवाळीपर्यंत सगळं देऊळ सोडवू!"

गुरुजी आधी सदऱ्याची पाठ चाचपू लागले. मग असे हसले, असे हसले, की पुन्हा त्याच खांबाला टेकणार होते! सोयरीक तिथंच जमली.

बाकीचा रंग अजून तसाच आहे. गावातल्या नव्या सुना त्या काळ्या जागेला देवाची खूण समजून हळदकुंकू वाहतात. शहादेव कुणाला अडवत नाही. कोणत्या तोंडाने अडवणार?

भागवतराव गुरुजी गेल्या वर्षी पौषात वारले. त्यांच्या पाठीला हळदकुंकू मात्र चालूच आहे.