आभाळावरचा आळ

अल्लीपुरात कुणाच्या मयतीला पुंडलिकभाऊ आले, की घरातला एखादा जाणता माणूस त्यांना चहाच्या निमित्ताने बाजूला नेई. कारण भाऊ दुखवट्याला बसत नसत, चौकशीला बसत.

"कायनं गेले?"

"अटॅकनं."

"अटॅक त शेवटी आला. त्याच्या आंधी काय काय झालं, ते सांगा."

मग रडणाऱ्या पोराला बापाचा तीन वर्षांपूर्वीचा खोकलाही आठवावा लागे.

भाऊंनी उभी हयात विहिरी खोदण्याचे ठेके घेतले. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा दगड, मग हातभर तांबडी माती, आणि पुन्हा काळा दगड. हे थर ते पूर्वजांच्या नावांसारखे घडाघडा म्हणत. एकदा दगड तपासायला आलेल्या प्राध्यापकाने त्यांना सांगितलं, की हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. डायनासोर संपले त्याच सुमाराला तो इथे पसरत होता. झालं! भाऊंनी डायनासोरांचं वकीलपत्र घेतलं.

त्याच्या आदल्याच साली त्यांची बायको, सिंधूवैनी, भाकरी थापता थापता कोसळली आणि गेली. "सोन्यासारखं मरण, एका झटक्यात सुटली," असं गाव म्हणालं. तेव्हापासून 'एका झटक्यात' हे शब्द भाऊंसमोर काढायची सोय उरली नाही.

मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आकाशातून मोठा दगड आदळला आणि डायनासोर मेले, असं तेव्हा पेपरांत येत होतं. मी वर्गात तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भाऊ हजर, पिशवीत माती नि दगड घेऊन.

"गुर्जी, पोट्ट्याइले चुकीचं काऊन शिकवून राह्यले? आभाळावर कायले खोटा आळ घेता?"

"भाऊ, तिकडे मेक्सिकोत एवढा थोरला खड्डा सापडलाय."

"सापडला अशीन. पण जनावर आंधीच खंगलं होतं ना! इथं जमीन फाटून धूर निघून राह्यला होता, हवा नासून राह्यली होती." मग त्यांनी तांबड्या मातीचं ढेकूळ माझ्या टेबलावर ठेवलं. "हा थर पाहा. लाव्हा थांबला, माती झाली, झाडं आली. जनावराइले वाटलं, गेलं दुखनं. अन् मंग पुन्हा सुरू."

हे भांडण दहा वर्षं चाललं. बाजारात, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. पंगतीत भाऊ भातावर वरण, वरणावर भात असे थर रचून दाखवत आणि वाढपी खोळंबून राही. मीही काही कमी नव्हतो. मास्तर ठेकेदाराकडून हरला, तर गावात तोंड कुठे दाखवणार? मी कात्रणं न्यायचो. भाऊ ती दोनदा वाचत आणि विचारत, "अजून हाये का काही पुरावा?" मला वाटे, खोडून काढायला मागतात.

निवृत्त होऊन मी वर्ध्याला निघालो, तेव्हा निरोप घ्यायला त्यांच्याकडे गेलो. भाऊ थकले होते. म्हटलं, जाता जाता म्हाताऱ्याला खूश करावं.

"भाऊ, मी हरलो. तुमचंच खरं. लाव्हानंच मारलं, हळूहळू."

ते हसले नाहीत. चेहरा पार उतरला.

"पक्कं?"

"पक्कं," मी शहाणपणानं म्हणालो.

ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "सिंधू दोन सालापासून डोक्यावर पान्याची गुंडी आनली का उंबऱ्यावर बसे. दम लागे तिले. मधात चार महिने बरी राहे. मी म्हनो, झाली बरी. जमिनीतले समदे थर पाह्यले मी, गुर्जी. घरातलं मले दिसलं नाई."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हनून भांडो तुमच्याशी. वाटे, तुम्ही शिकलेले, एखाद्या रोजी मले हरवान. म्हनान, दगडच पडला, कोनाच्या हातात काही नोतं."

मी घाईघाईने म्हणालो, "भाऊ, दगडही पडला होता. खरंच पडला होता."

"राहू द्या जी आता," भाऊ म्हणाले आणि भिंतीचा आधार घेत चहा मांडायला उठले.