दोन बोटांची जागा

पापूचा लंगोट सकाळपासून तिसऱ्यांदा गळला, तेव्हा इल्पो पट्टी, पेन्सिल आणि कारखान्यातला मापाचा चिमटा घेऊन तिच्यासमोर बसला. पापू हे काही तिचं खरं नाव नव्हतं. ते रविवारच्या नामकरणात पास्टरबाई उच्चारणार होत्या, आणि तोवर आईबापांखेरीज ते कुणाला कळता कामा नये म्हणून गेले दोन महिने पोरीला त्यांच्या भाषेतल्या घेवड्याच्या दाण्याच्या नावानं हाक मारणं चाललं होतं. पापूची त्याला हरकत नव्हती. ती उताणी पडून छतावर हलणारा तळ्याचा उजेड पाहत होती, आणि तिचं पाहून इल्पोही छताकडे पाहू लागला.

हे त्याचं नेहमीचंच. इल्पो लाकडी होड्या बांधायचा. जूनचे न सरणारे दिवस, हलायचं विसरलेलं तळं, दारातल्या लायलॅकच्या फुलांचा वास आणि दोरीवर वाळणारे पंधरा पांढरे लंगोट. वारा आला की ते सगळे एकदम फुगून पैलतीराकडे निघायचे, आणि इल्पो मनानं त्यांच्याबरोबर निम्म्या वाटेपर्यंत जाऊनही यायचा. तेवढ्यात घरात कुणीतरी ओलं झालेलं असायचं.

"मोजतोयस की नुसतंच बघतोयस?" सासूबाईंनी विचारलं.

इर्मेलीबाई कुओपिओहून आठ दिवसांसाठी आल्या होत्या. चार मुलं त्यांनी उकळलेल्या कापडाच्या घड्यांवर वाढवली होती आणि त्यांतलं एकही कधी गळलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ती चार मुलं याबाबत गप्प असत. नातीसाठी त्यांनी लंगोटावरून घालायच्या लोकरीच्या चार चड्ड्या विणून आणल्या होत्या, ओल बाहेर येऊ नये म्हणून त्यांना मेण लावायला जावयाला सांगितलं होतं, आणि त्या चड्ड्यांमधून थेंब बाहेर येतो हा त्यांना आपल्या विणकामाचा अपमान वाटत होता.

गुरुवारी जेवताना त्यांनी विषय काढलाच. नामकरणाचा अंगरखा सव्वाशे वर्षांचा, पाच पिढ्यांनी घातलेला. त्या दिवशी पोरीला दुकानातला वापरून फेकायचा लंगोट बांधावा. इल्पो म्हणाला, मुळीच नाही. आपण होड्या बांधतो, आणि पाणी इकडचं तिकडे जाऊ न देणं हाच आपला धंदा आहे.

"बरं," इर्मेलीबाई म्हणाल्या. "रविवारी पोर कोरडी राहिली, तर सोमवारच्या गाडीनं मी घरी. गळली, तर तुला एकट्याला जमत नाही असं धरू. मग सबंध उन्हाळा मी इथंच राहते."

साना, म्हणजे इल्पोची बायको, सोमवारपासून आपला जनावरांचा दवाखाना पुन्हा उघडणार होती. तिनं दोघांकडे पाहिलं आणि बटाट्यावर शेपू घालत राहिली. इल्पोनं मात्र काटा खाली ठेवला. सासूबाईंशी त्याचं वाकडं नव्हतं. पण हा उन्हाळा त्याचा आणि पापूचा होता. दुपारी तिला पोटाशी बांधून धक्क्यावर बसायचं, काहीच करायचं नाही, असं त्यानं हिवाळाभर मनात रंगवलं होतं. त्या चित्रात इर्मेलीबाई कुठंच नव्हत्या.

मग तो हात धुऊन लंगोटाच्या मागे लागला. लंगोटाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की कमरेशी दोन बोटं जातील इतकी जागा ठेवावी. कुणाची दोन बोटं, ते लिहिलं नव्हतं. इल्पोची दोन बोटं आत जायची तेव्हा सानाचा अख्खा हात जायचा. सानाच्या बोटांनी बसवलं तर पापूच्या पोटावर लाल वळ उठले. इर्मेलीबाईंच्या बोटांना संधिवात होता, त्यामुळे त्यांचं माप सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं निघे. शेवटी इल्पोनं तिघांच्या बोटांची सरासरी काढून तेवढ्या जाडीची लाकडी पट्टी तासली, पॉलिश करून तिला भोक पाडलं आणि दोरीनं गळ्यात अडकवली.

समोरच्या टिचबटणांची ओळ एक घर वर घेतली, मग खाली, मग डावीकडची वर आणि उजवीकडची खाली. मांडीचं इलॅस्टिक जांघेच्या घडीत बरोब्बर बसवलं. शुक्रवार संपेतो लंगोट असा बसला की कुठं सुरकुती नाही, कुठं फट नाही, वळ नाही. साना वाकून पाहून म्हणाली, माझे कपडेसुद्धा मला कधी इतके बसले नाहीत. आणि दहा मिनिटांनी तो गळला. थोडाथोडका नव्हे, धो धो. इल्पोला लाज वाटली. कारखान्यात त्याच्या हातची होडी अशी निघाली असती, तर त्यानं ती रातोरात जाळली असती.

शनिवारी दुपारी मात्र पापू दोन तास कोरडी राहिली. ती झोपली होती हे खरं, पण इल्पोनं तेवढ्यावर धीर धरला.

रविवारी बैठकीची खोली माणसांनी भरली. रिवाजाप्रमाणे पापू आजीच्या मांडीवर होती. लांबलचक अंगरखा समोरून जमिनीपर्यंत आला होता. पाठीमागून तो उघडाच असतो, नुसत्या दोन फिती बांधायच्या. गाणं सुरू झालं, दारं उघडी होती, तळ्यावरून गार वारा येत होता, आणि इल्पो जो निघाला तो थेट पैलतीरापाशी पोचला. तिथून त्याला पास्टरबाईंचा आवाज ऐकू आला: "हिल्का सोफिया."

हिल्का हे इर्मेलीबाईंच्या आईचं नाव. खोलीतल्या सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. इर्मेलीबाई ताठ बसल्या होत्या, डोळे विस्फारलेले, ओठ घट्ट मिटलेले. सानाची एक नणंद हलकेच म्हणाली, केवढं भरून आलं बिचारीला.

कॉफी आली, केक कापला, तरी त्या खुर्चीवरून उठेनात. पापूला कुणी घ्यायला आलं की अंगरखा सारखा करून म्हणत, असू दे, झोपलीय. शेवटी सानानं मोठ्यानं विचारलं, "काय आई, मग? कोरडी आहे ना?"

"ठणठणीत," इर्मेलीबाई म्हणाल्या.

सानानं सगळ्यांदेखत नवऱ्याचा गालगुच्चा घेतला. इल्पोला तळं, धक्का आणि जुलै महिना, सगळं एकदम दिसलं.

पास्टरबाईंची मोटार वळणाआड गेल्यावर इर्मेलीबाईंनी इल्पोला खुणेनं सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पडवीत बोलावलं. पापूला त्यांनी छातीशी धरलं होतं. त्यांचा निळा परकर पुढून गुडघ्यापर्यंत भिजून काळा पडला होता.

"नाव घेतलं तेव्हाच धार सोडलीन," त्या म्हणाल्या. "अंगरखा मी आधीच मागून वर घेतला होता म्हणून वाचला. आता हे बघ."

त्यांनी लंगोटातली आतली घडी काढली, फळीवर पसरली आणि तिच्यावर ओंजळभर पाणी टाकलं. पाण्याचे टपोरे मणी झाले, घडीवरून ऐटीत घरंगळले आणि खाली गेले.

"लोकरीला मेण लाव म्हणाले होते मी. कशाकशाला लावलंस?"

"सगळ्यालाच," इल्पो म्हणाला. "चड्ड्या, लंगोट, घड्या. म्हटलं, पाणी कुठूनच नको शिरायला."

"अरे, मग आतल्या पाण्यानं जायचं कुठं? बसवलायस झकास, त्यात खोट नाही. पण मुलाच्या बुडाला होडी नको असते, बाबा. कापडानं पाणी प्यायचं असतं. तीनदा साबणानं उकळ सगळं."

इल्पो ओशाळून उभा राहिला. मग मनाचा हिय्या करून म्हणाला, "म्हणजे हरलोच मी. सानाला सांगतो. तुमची खोली उन्हाळाभर..."

"खबरदार," इर्मेलीबाई म्हणाल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझी पैज होती, तोंडातून निघून गेली. गुरुवारपासून मी जीव मुठीत धरून बसलेय, ही आज गळते की काय म्हणून. बुधवारी आमच्याकडे तळ्याकाठी नाच असतो. माझा नाचातला जोडीदार पेंटी वाट बघतोय. टँगोला त्याला दुसरं कुणी चालत नाही."

बाहेरून सानाची हाक आली, तुम्ही दोघं तिथं काय करताय म्हणून. इर्मेलीबाईंनी हिल्का सोफियाला बापाच्या हातात दिलं, नळाखालची भरलेली बादली उचलली आणि स्वतःच्या परकरावर पालथी केली.

"आईवर पाणी सांडलं माझ्याकडून," इल्पो ओरडून म्हणाला.