शेवट: समाधानकारक

चालू वर्षापासून मानव्यविद्यांचा समाजावर प्रभाव पडावा, असा निर्णय विद्यापीठाने बहुमताने घेतला. आजवर तो पडत होता की नाही याबद्दल दुमत होते. पण पडला असल्यास कुठे पडला याची नोंद कोणत्याच दप्तरात सापडत नव्हती, आणि ज्याची नोंद नाही ते घडलेलेच नसते, हा विद्यापीठाचा जुना शिरस्ता. म्हणून परिपत्रक निघाले. प्रत्येक विभागाने वर्षातून एक कथाकथन, काव्यवाचन अथवा तत्सम उपक्रम घ्यावा, श्रोत्यांवर झालेला परिणाम विहित नमुन्यात मोजावा, आणि सरासरी पाचपैकी चारच्या खाली आल्यास तो विभाग आतिथ्य व्यवस्थापन विभागात विलीन झाला असे समजावे.

साहित्य विभागात हे परिपत्रक पोहोचले तेव्हा तिथे दोनच माणसे होती. एक विभागप्रमुख. त्यांची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती, त्यामुळे त्यांनी कागद वाचला आणि न वाचल्यासारखा पुढे सरकवला. दुसरे तात्पुरते सर. हे त्यांचे आडनाव नव्हे. अकरा वर्षांपूर्वी त्यांची नेमणूक तात्पुरती झाली, दर सहा महिन्यांनी ती तात्पुरती वाढत गेली, आणि शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले.

"विभाग राहिला तर जागा राहील," विभागप्रमुख म्हणाले. "आणि जागा राहिली तर तुम्ही कायम व्हाल. बघा बुवा काय जमतंय."

तात्पुरत्या सरांना आत्या आठवली.

आत्याने एकतीस वर्षे सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुतल्या आणि घड्या घातल्या. आई-वडील कामावर गेले की लहानग्या सरांची रवानगी तिच्याकडे होई. चादर मोठी, घडीला दोघीजणी लागत. चार टोके धरायची, ताणायची, जवळ यायचे, टोकाला टोक मिळवायचे, पुन्हा मागे सरायचे. जवळ येताना आत्या गोष्टीतले एक वाक्य सांगे आणि मागे सरताना थांबे, म्हणजे समोरच्या बाईला पुढचे ऐकायला पुन्हा जवळ यावेच लागे. त्या धुलाईघरात कामचुकारपणा कधी झाला नाही, त्याचे हे कारण.

गोष्ट एकच होती. नदीवर एक धुणारी बाई येते. नदी तिला म्हणते, तीन प्रश्नांची उत्तरे दे, नाहीतर धुणे वाहून नेईन. पहिला प्रश्न, सगळ्यांत जड कापड कोणते? बाई म्हणते, जे परत न्यायला कुणी येत नाही ते. दुसरा प्रश्न, सगळ्यांत चिवट डाग कोणता? बाई म्हणते, जो धुणाऱ्याला दिसतो आणि घालणाऱ्याला दिसत नाही तो. मग तिसरा प्रश्न. तोवर नुकत्याच वाळलेल्या, ऊबदार चादरींच्या ढिगावर सरांचा डोळा लागलेला असे. तिसरा प्रश्न आणि त्याचे उत्तर त्यांनी कधीच ऐकले नव्हते. जागेपणी विचारले की आत्या म्हणे, "गोष्ट सुरुवातीपासून ऐकायची असते राजा. नुसता शेवट काय, मी कुणालाही देत नाही."

धुलाईघर आता बंद झाले होते आणि तिथल्या बाकीच्या बायकाही राहिल्या नव्हत्या. आत्याच्या घशात गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया सोमवारी ठरली होती, आणि आवाज किती राहील ते सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. सरांनी शुक्रवारी दुपारी चारला सभागृह मागितले.

"मोठ्या लोकांसमोर?" आत्याने विचारले. आवाज आधीच घोगरा झाला होता. "येईन की. पण मला चादर लागेल, आणि दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल."

"मी धरीन," सर म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते, हे इथे नमूद करणे आवश्यक आहे.

विहित नमुना चौदा पानी होता. तो घेऊन सर गुणवत्ता कक्षाच्या मॅडमकडे गेले. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी स्वतः कधीकाळी कविता केल्या होत्या आणि त्या सोडल्याची तारीख त्यांच्या लक्षात होती.

"कथेचा कालावधी?"

"ती सांगेल तेवढा."

"पन्नास मिनिटं लिहा. पात्रं?"

"एक बाई आणि एक नदी."

"नदी आहे?" मॅडमनी चष्मा काढला. "मग सुरक्षा विभागाचं ना-हरकत लागेल."

सुरक्षा अधिकाऱ्यांनी नदीची खोली विचारली. सरांनी अंदाजे गुडघाभर सांगितली. बाईला पोहता येते का, नदी प्रश्न विचारते म्हणजे नेमके कोण विचारते, आणि धुणे वाहून गेल्यास भरपाईची जबाबदारी कुणाची, असे तीन प्रश्न अधिकाऱ्यांनीही विचारले. शेवटी नदीचे पाणी संथ राहील आणि ती प्रश्न विनंतीवजा भाषेत विचारेल, अशी हमी लिहून घेऊन त्यांनी शिक्का मारला. आत्याला हे कळवायचे कशाला, असा सुज्ञ विचार सरांनी केला.

नमुन्यात एकच रकाना उरला. शेवट.

"शेवट काय आहे कथेचा?" मॅडमनी विचारले.

"मला माहीत नाही."

"शेवट माहीत नसताना परवानगी कशी देणार? दुःखद निघाला तर समुपदेशक बसवावा लागतो. आनंदी निघाला तर शैक्षणिक मूल्य काय, असं विचारतात." मॅडमनी पेनाचे टोपण काढले. मग त्यांनीच सुंदर अक्षरात लिहिले: 'समाधानकारक'. "हे कुठेही चालतं," त्या म्हणाल्या.

श्रोत्यांचा प्रश्न परस्पर सुटला. उपस्थितीला अर्धा श्रेयांक जाहीर होताच साठ खुर्च्यांच्या सभागृहासाठी दोनशे बारा विद्यार्थ्यांनी नावे दिली. सर हरखले. लोकांना गोष्टी हव्यात, हे ते अकरा वर्षे म्हणत आले होते. घोडे अडले ते अभिप्रायांपाशी. ते ज्या संगणकप्रणालीत भरायचे, ती शुक्रवारी पाचच्या ठोक्याला वर्षभरासाठी बंद होणार होती, आणि कागदावरची पन्नास मिनिटे काहीही म्हणोत, आत्याची गोष्ट चालणार होती पाच वाजून गेल्यावरही.

"मग अभिप्राय आधी घ्या," मॅडम म्हणाल्या.

"ऐकण्याच्या आधी?"

"अनुभवी विभाग आधीच घेतात, सर. नंतर घेतले की श्रोत्यांवर कार्यक्रमाचा परिणाम झालेला असतो. मग ते वस्तुनिष्ठ राहत नाहीत."

सरांना हे पटले नाही. पण न पटणे नोंदवायला नमुन्यात रकाना नव्हता. एरवी विद्यापीठात वरातीमागून घोडे येते, इथे घोडे पुढे निघाले एवढेच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. बुधवारी सकाळी प्रपत्र विद्यार्थ्यांना पाठवण्यात आले आणि दुपारच्या चहापर्यंत दोनशे बाराच्या दोनशे बारा जणांनी ते भरले. सरासरी आली चार पूर्णांक आठ. श्रोत्यांच्या संवेदनशीलतेत सदतीस टक्के वाढ झाली होती. एकशे चार जणांच्या डोळ्यांत पाणी आले होते. नऊ जणांना शेवट थोडा लांबल्यासारखा वाटला, पण आत्याबद्दलचा आदर मात्र सगळ्यांनीच व्यक्त केला होता.

त्याच आठवड्यात शेजारच्या इमारतीतल्या भाषा विभागाने काव्यवाचनाचा कार्यक्रम घेतला. म्हणजे खरोखरच घेतला. तीन कवी आले, त्यांनी कविता वाचल्या, चौघांनी त्या ऐकल्या, एक जण कवीशी भांडला आणि एक मुलगी घरी जाऊन दोन दिवस कुणाशी बोलली नाही. सरासरी तीन पूर्णांक एक. तो विभाग आता पाहुण्यांना खोलीची किल्ली कोणत्या हाताने द्यावी, हे शिकवतो.

गुरुवारी मॅडमनी सरांना बोलावून घेतले. "अभिनंदन. तुमचा कार्यक्रम यंदाचा सर्वोत्कृष्ट ठरलाय. अहवाल वर गेला, कुलगुरूंनी वाचला. आता उद्या तो घेऊ नका म्हणजे झालं."

"घेऊ नको?"

"झालेला कार्यक्रम परत कसा घेणार? आणि घेतलाच, आणि बाईंचा घसा बसला, कुणी मध्येच उठून गेलं, तर अहवालाचं काय? कशाला हात दाखवून अवलक्षण?" मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या कायम नेमणुकीचं पत्र त्याच अहवालाला जोडलंय, सर. माझ्याच हातानं टाचणी लावलीय."

"पण तिला मी शब्द दिलाय. सभागृहही मिळालंय."

"सभागृहात तुमच्या यशाचा गौरव समारंभ ठेवलाय. त्यांनाही बोलवा ना. प्रमाणपत्र देऊ."

सर त्या संध्याकाळी आत्याकडे गेले. तिने गरम पाण्याच्या गुळण्या करून घसा मोकळा केला होता आणि चादर इस्त्री करून ठेवली होती. सरांना सांगायचे होते. त्यांनी पाणी मागितले, ते प्याले, आणि उद्या चारला न्यायला येतो असे सांगून निघून आले. आपण भित्रे आहोत हे त्यांना जिना उतरताना समजले. जिना दोनच मजल्यांचा होता, त्यामुळे परत वर जाण्याइतके ते समजले नाही.

शुक्रवारी सभागृह भरले. गौरव समारंभाला चहा-बिस्किटे होती आणि श्रेयांक आधीच जमा झाला होता, म्हणून वातावरण मोकळे होते. आत्या ठेवणीतले कपडे घालून, चादर मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली. कुलगुरू पन्नास मिनिटे बोलले. ऐकणारी माणसे दुर्मिळ होत चालली आहेत, असे ते मागच्या भिंतीवरच्या घड्याळाला सांगत होते. मग आत्याला मंचावर बोलावून जाड कागदाचे प्रमाणपत्र देण्यात आले. तिने ते लांब धरून, एकेक अक्षर लावत वाचले. 'आपल्या हृदयस्पर्शी कथाकथनाने श्रोते भारावून गेले.'

"हे कधी झालं?" तिने सरांना विचारले.

"झालंय, आत्या. दोनशे बारा जणांनी ऐकली तुझी गोष्ट."

आत्याने चादर काखेत घेतली. मग ती ध्वनिक्षेपकापाशी गेली. तिने तिथे जावे असे कार्यक्रमपत्रिकेत नव्हते, पण वयाकडे बघून कुणी अडवले नाही.

"ज्यांनी ऐकली त्यांना एकच विचारते," ती म्हणाली. आवाज फाटत होता. "नदीनं तिसरं काय विचारलं?"

तिसऱ्या रांगेतला एक होतकरू विद्यार्थी उठला. "शेवट फार छान होता, आजी," तो म्हणाला. मोठा टाळ्यांचा कडकडाट झाला. कुलगुरूंनीही टाळ्या वाजवल्या.

आत्याने सरांकडे पाहिले. "तू तरी सांग, राजा."

सरांच्या आतल्या खिशात कायम नेमणुकीचे पत्र होते. त्यांना नमुन्यातला तो एक शब्द आठवला आणि दुसरा कुठलाच आठवेना. "समाधानकारक," ते म्हणाले.

तिने चादर उलगडली. एक टोक तिने सरांपुढे धरले आणि ती पुढच्या वाक्यासाठी श्वास घेऊन उभी राहिली. त्याच वेळी छायाचित्रकाराने सगळ्यांना एका ओळीत बोलावले आणि कुलगुरूंनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. सर म्हणाले, "एकच मिनिट, आत्या." छायाचित्रे सात निघाली. सर परत वळले तोवर तिने चादरीची कड हनुवटीखाली दाबून एकटीनेच घडी घातली होती. घडी जरा वाकडी आली होती.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. इस्पितळाच्या कागदावर रुग्णाची प्रकृती समाधानकारक असल्याचे लिहिले होते. गाठ गेली, आणि आवाजही गेला.

पुढल्या आठवड्यात सर तिला भेटायला गेले. नेमणूक कायम झाली होती, नाव मात्र तात्पुरतेच राहिले होते. ते खाटेशेजारी बसले. चादरीचे एक टोक त्यांनी हातात घेतले आणि उगाच सरळ केले. मग त्यांनी विचारले, "आत्या, तिसरा प्रश्न काय होता गं? लिहून दे. मी सुरुवातीपासून वाचीन."

आत्याने उशाखालून प्रमाणपत्र काढले. त्याची मागची बाजू कोरी होती आणि कागद चांगला होता. तिने पेन्सिलीने सावकाश लिहिले: 'दोनशे बारा जणांनी ऐकली आहे. त्यांना विचार.'

ताजा कलम: प्रस्तुत वृत्तान्त इथवर वाचणाऱ्याची गणना, नियमानुसार, दोनशे तेरावा श्रोता म्हणून करण्यात आली आहे. आपला अभिप्राय 'समाधानकारक' असा नोंदवला आहे. त्यात बदल करायचा असल्यास मुदत होती, पण ती आपण पहिली ओळ वाचण्याच्या आदल्या दिवशी संपली.