इंगोले सर आणि जांभळा डाग

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माणसावर लिहितात कसे, हे मला नीट ठाऊक नाही. तरी लिहितो आहे, याबद्दल आधीच माफी मागतो. इंगोले सरांवर दुसरे कोणी लिहील असे दिसत नाही, म्हणून हे धाडस.

वाशीमच्या आमच्या कॉलेजात सरांसमोर ‘गळती’ म्हणायची सोय नव्हती. एकदा प्राचार्य प्रयोगशाळेत येऊन म्हणाले, “इंगोले, तुमचं छप्पर गळतंय.” सर उसळले. “छप्पर गळू द्या साहेब, खुशाल गळू द्या! जंतू गळत नाई!” प्राचार्यांनी जंतूचे नावही काढले नव्हते.

सरांचे भांडण पुस्तकाशी होते. मातीत एक जंतू असतो. तो ग्लुटामिक नावाचे अमिनो आम्ल तयार करून बाहेर सोडतो. पुस्तक म्हणे, त्याचे आवरण कच्चे पडते आणि आम्ल गळते. सरांनी त्या पानावर लाल शाईने लिहिले होते, ‘काहून?’

“गळती जास्तीकडून कमीकडं जाते,” सर टेबलावर मूठ आपटत. “याच्या आत कमी अन् बायेर जास्त, तरी बायेरच काढून राह्यला! म्हंजे दार हाये त्याले. जोर लावून ढकलते तो!”

हे सिद्ध करायला सरांजवळ होते काय? बहिणीची लोणच्याची बरणी, कोळशाची इस्त्री आणि आमच्या आसेगावच्या वावरातली माती. “तुया गाववाला काय म्हंते?” असे ते जंतूबद्दल मला विचारत. जंतूच्या आतला रस आणि बाहेरचे पाणी, सारख्या मापाचा एकेक थेंब कागदावर ठेवायचा. आम्ले वेगवेगळी व्हावीत म्हणून कागद बरणीतल्या द्रावणात उभा करायचा, मग वाळवून त्यावर निनहायड्रिन शिंपडायचे आणि इस्त्री फिरवायची. अमिनो आम्ल असेल तिथे जांभळा डाग उठतो. सरांची बोटे कायम जांभळी. मालेगावच्या गाडीत कंडक्टरने विचारले होते, “गुरुजी, मतदान कुठं होतं?” सर त्याच्याशीही भांडले.

प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी मला दिली होती. माझ्या हाती कोणी दिलेली ती पहिली किल्ली. अट एकच. “कागदाले चिमटाच लावजो. बोट लावलं तर तंगडं तोडीन.”

एप्रिलात, सर वर्गावर असताना, ओला कागद चिमट्यातून निसटला आणि मी तो हाताने झेलला. घामाने भिजलेला अंगठा नेमका आतल्या रसाच्या जागी टेकला. कोणाला न सांगता कागद तसाच वाळत घातला. संध्याकाळी सरांनी इस्त्री फिरवली. आतला डाग बाहेरच्याहून मोठा उठला.

मी ओरड्याची वाट पाहत उभा राहिलो. सर हळूच म्हणाले, “गळते मंग.”

आठ दिवस ते कोणावर ओरडले नाहीत. पोरे खूश होती. मी मात्र अंगठा लपवत फिरत होतो. घामातही अमिनो आम्ले असतात, हे सरांनीच शिकवले होते.

नवव्या दिवशी किल्ली टेबलावर ठेवून मी म्हणालो, “सर, तो डाग माया अंगठ्याचा हाये.”

डस्टर माझ्या कानाजवळून गेले. “गधड्या! आठ दिवस! आठ दिवस मी त्या पुस्तकाले खरं मानून राह्यलो!” मागोमाग किल्ली छातीवर येऊन आदळली. “हे कायले ठेवतं? हात धू. नवा कागद काप.”

चार वेळा करून पाहिले. चारही वेळा आतला डाग फिका, बाहेरचा गडद. सरांनी लेख लिहून एका नियतकालिकाकडे पाठवला आणि उत्तर येईना म्हणून रोज पोस्टमनला झापू लागले.

परीक्षा देऊन मी गावी आलो. परवा कॉलेजचा शिपाई पाकीट घेऊन आला. लेख परत आला होता. सोबत एकच ओळ: गळतीचे स्पष्टीकरण पुरेसे आहे. आमच्या चार कागदांबद्दल एक अक्षर नाही!

“सरनं काय सांगतलं?” मी विचारले.

“लय शिव्या देल्ल्या त्याईले. मंग म्हणे, हे त्याचं बी हाये, त्याले दाखवून आन.”

मी पहिले पान उलगडले. मथळ्याखाली दोन नावे होती. दुसरे माझे, वडिलांच्या नावासकट.

बाबा जवळ येऊन वाकले. ते सहीच्या जागी अंगठा देतात. “यातलं तुयं कोनतं?”

मी दाखवले. कागदाला बोट न लावता.