जपानी हरणाचा चार्ज

मध्य भारत राज्य होऊन आठवडा झाला होता. उज्जैनचे सरकारी कारकून मधुकर शेवडे यांच्या खिशात इंदूरच्या बदलीचा हुकूम होता, घरी बिस्तरे बांधून झाले होते. फक्त सरकारजमा झालेल्या एका बागेतल्या जपानी हरणाचा चार्ज द्यायचा राहिला होता. यादीत त्यांनीच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'ठिपकेदार नर, एक, दोन्ही शिंगांसह.'

सोमवारी सकाळीच माळी किशन धापा टाकत दारात आला.

"बाबूजी, हिरन का एक सींग गिर गया!"

"कुणी तोडलं?"

"किसी ने नहीं. सर हिलाया और बस!"

हरीण निवांत पाला चघळत होतं. डोक्यावर शिंगाच्या जागी लालसर गोल खूण होती, शिंग गवतात. मधुकररावांनी सुताराकडून सरस आणला, बायकोच्या, नंदाच्या, जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि ते कुंपणात शिरले. हरणाने मान झटकली. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी दुसरं शिंग धरलं, तेही हातात आलं.

"ये वाला तो आपने तोड़ा, बाबूजी," किशन हळहळला.

"अहो, बिस्तरे सोडू का?" दुपारी नंदाने विचारलं.

"नको!"

"मग अजून किती दिवस सतरंजीवर झोपायचं? यादीतली ती शिंगं खोडून टाका ना."

"सरकारी यादी आहे ती! खाडाखोड केली तर नोकरी जाईल."

शेवटी कॉलेजच्या लायब्ररीत त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. या जातीच्या नराची शिंगं दरवर्षी आपोआप गळतात, नवी येताना त्यांवर मखमली कातडी असते, तेव्हा काटेरी तार जवळ नको; कोवळं गवत, मीठ, सावली, चिखलाची डबकी हवी. मधुकररावांनी जिवाच्या आकांताने अकरा पानी अहवाल लिहिला आणि शिंगं भैरवगढच्या छापील कापडात गुंडाळून नव्या साहेबांपुढे ठेवली.

मोघेसाहेबांनी अकराही पानं वाचली.

"शेवडे, यात तुमची चूक नाही."

चार दिवसांत प्रथमच मधुकररावांनी मोकळा श्वास घेतला.

"एक सांगा, या जनावराची एवढी माहिती असलेला दुसरा कुणी आहे उज्जैनमध्ये?"

"छे, साहेब!" मधुकरराव अभिमानाने म्हणाले.

"मग तो बदलीचा हुकूम द्या इकडे. बागेतली खोली उघडून देतो तुम्हाला. खिडकीतून हरीण दिसतं."