जेवणानंतर केळशी

"गुडघ्याचा औषध मागितला, तर म्हणतो केळशीला जा. गुडघा तिथवर पोचायला नको काय?"

डॉक्टर खेडेकरांच्या केबिनमधून बाहेर आलेल्या आजी बाकावरच्या बाईला सांगत होत्या. मी टेबलामागून ऐकलं आणि पुढच्या पेशंटला हातानेच आत जायची खूण केली. रत्नागिरीतल्या या दवाखान्यात नंबर लावायचं काम मी घेतलं, ते त्यात फारसं बोलावं लागत नाही म्हणून. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी चारचौघांत अडखळतं.

औषध डॉक्टर देतातच. पण वर्षभरापासून गोळ्यांबरोबर ते एक गावही देतात. पित्ताला गुहागर, झोप नसेल तर आंजर्लं. प्रमाणही ठरलेलं: "केळशी, दोन दिवस, जेवणानंतर." पथ्य एकच. तिथे आपलं दुखणं कुणाला सांगायचं नाही आणि दुसऱ्याचं ऐकायचं नाही.

काही जण खरंच जाऊन येतात. त्यांना डॉक्टर नंबराशिवाय आत घेतात. पित्ताचं विचारतच नाहीत. वारा होता का, सुपारीच्या बागेत दुपारचं ऊन जमिनीपर्यंत पोचतं का, एवढंच विचारतात. एक मास्तर म्हणाले, सकाळी कुणी उठवलंच नाही, नऊला जाग आली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"नऊला?"

मास्तरांना ते पुन्हा सांगावं लागलं.

मला कुतूहल होतं. एकदा धीर करून विचारलं, तुम्ही स्वतः तिकडे शेवटचे कधी गेला होतात. कधीच नाही, म्हणाले. सगळं पेशंटांकडून कळलेलं. सुट्टी कुठली? गावातल्या लग्नाला गेलं तरी पंगतीत कुणीतरी तपासायला जीभ काढून दाखवतंच.

हल्ली ते छातीवर स्टेथोस्कोप ठेवायचे, पण त्याची कानात घालायची टोकं गळ्यातच राहायची. पेशंट इमानदारीत खोल श्वास घेत. दार उघडं राहिलं की माझ्या टेबलावरून सगळं दिसे.

काल सकाळी एक पेशंट बाहेर आला आणि पुढच्यासाठी घंटी वाजलीच नाही. मी आत डोकावले. डॉक्टर तपासणीच्या टेबलावर बुटांसकट आडवे झाले होते, पंख्याकडे बघत.

"लोक बोलतात ते ऐकूच येत नाही गो," ते म्हणाले. "नुसती तोंडं हलताना दिसतात. आता माझ्या हातून कुणाचं तरी काही चुकणार."

मग पायाने जमीन चाचपत उठायला लागले. "पाठव पुढचा."

मी पंखा वाढवला, दिवा मालवला आणि दार ओढून घेऊन बाहेर आले. बाकावर सर्दी-खोकल्याचीच माणसं होती. त्यांना कसंबसं सांगितलं, आज दवाखाना बंद, डॉक्टरांना बरं नाही.

"डॉक्टर काय आजारी पडतो काय?" एक काका म्हणाले आणि सगळा बाक हसला.

"पडतात," मी म्हणाले. "आज पडलेत. घरी जा सगळ्यांनी."